माळ न घालता

कोल्हापुरात दारू सोडायचे राजमान्य रस्ते दोनच. श्रावण पाळायचा, नाहीतर तुळशीची माळ घालायची. श्रावण म्हणजे महिन्याभराचा जामीन, आणि तोही आषाढी अमावास्येला, म्हणजे गटारीला, महिन्याचा कोटा आगाऊ उचलून मग घ्यायचा. माळ म्हणजे कायमची सुटका. गळ्यात माळ दिसली की पेठेतला कितीही आग्रही यजमान समोरचा ग्लास आपणहून उचलतो, वर हात जोडून ‘माऊली’ म्हणतो. अडचण एवढीच, की या दोन्ही रस्त्यांवर दारूबरोबर मटणही जातं. आणि माझ्या रिपोर्टात मटणाचा उल्लेख कुठेही नव्हता. पाठपोट बघितलं.

रिपोर्ट काढला तो विम्यासाठी. आपण मेलो तर घरच्यांना किती मिळतील हे बघायला गेलो आणि आपण कशाने मरू हे कळून परत आलो. एसजीपीटी म्हणून एक प्रकार असतो. तो 40 च्या आसपास थांबायला हवा, माझा शंभरी ओलांडून पुढे निघाला होता. जीजीटी त्याच्याही पुढे. लॅबवाले असे आकडे ठळक छापतात, त्यामुळे पानभर माझी ठळक कामगिरी दिसत होती. मग सोनोग्राफी. चरबी साठलेलं लिव्हर पडद्यावर शेजारच्या किडनीपेक्षा उजळ दिसतं. डॉक्टर बघत बघत म्हणाले, "लिव्हर चांगलंच चमकतंय." मी "थँक्यू" म्हणालो.

यकृत या अवयवाशी आम्हा कोल्हापूरकरांची ओळख कलेजी म्हणून. फ्राय करून, वर लिंबू. तीच वस्तू आपल्याही पोटात आहे, चांगली दीडेक किलोची आहे, आणि आत काही बिघडलं तरी बराच काळ दुखत नाही, हे मला पन्नाशीत कळलं. डॉक्टरांनी बाकीचा हिशोबही मांडला. व्हिस्कीत 42.8 टक्के अल्कोहोल, म्हणजे 60 मिलीच्या पेगमध्ये साधारण 20 ग्रॅम. ते निस्तरायला लिव्हरला दोन-तीन तास लागतात. रात्री मी घोरायला लागायचो तेव्हा आत गळीत हंगामातल्या साखर कारखान्यासारखी तिसरी पाळी सुरू व्हायची, आणि सकाळी मी ताजातवाना उठून मिसळ खायला जायचो. ओव्हरटाइम कुणाचा, मजा कुणाची!

मग त्यांनी चार प्रश्न विचारले. कमी करावी असं कधी वाटलं का? पिण्यावरून कुणी बोललं तर राग येतो का? नंतर अपराधी वाटतं का? सकाळी उठल्या उठल्या घ्यावी लागते का? दुसऱ्या प्रश्नाला मी जरा वरच्या पट्टीत म्हणालो, "यात रागाचा काय संबंध?" त्यांनी कागदावर काहीतरी खूण केली. चौथ्याचं उत्तर ‘नाही’ होतं, तेव्हा मात्र त्यांच्या चेहऱ्यावर थोडा उजेड पडला. ज्यांचे हात सकाळी थरथरतात त्यांनी घरच्या घरी एकदम बंद करायची नसते, फिट येऊ शकते, जिवावर बेतू शकतं, असं ते म्हणाले. तिथे दाखल करून, औषधं देऊन सोडवावी लागते. डॉ. अनिल आणि डॉ. सुनंदा अवचटांनी पुण्यात 1986 साली ‘मुक्तांगण’ उभं केलं ते अशाच माणसांसाठी. माझं प्रकरण अजून तिथवर गेलं नव्हतं. आताच पूर्ण थांबलात तर ही चरबी उतरते, असंही ते म्हणाले.

"थोडी घेतली तर?"

"जागतिक आरोग्य संघटनेने 2023 च्या जानेवारीतच सांगितलंय, सुरक्षित असं प्रमाणच नाही. आणि कोल्हापुरात ‘थोडी’ म्हणजे कुठल्या भांड्याने?"

डॉक्टर आमच्याच पेठेतले असल्यामुळे युक्तिवाद तिथेच संपला.

मुहूर्त मात्र वाईट होता. आखाड सुरू होता. आखाडात मंगळवारी आणि शुक्रवारी गल्लोगल्लीतून पंचगंगेचं नवं पाणी टेंबलाईच्या टेकडीवर नेतात. बायकांच्या डोक्यावर कलश, पुढे वाजंत्री, आणि संध्याकाळी घरोघरी मटण. त्या वाजंत्रीला आमच्याकडे पी-ढबाक म्हणतात. ज्या गावाचं वाद्यच ‘पी’ म्हणून सुरुवात करतं, त्या गावात माझ्या निश्चयाची काय कथा! पण गटारी मी गॅलरीत बसून काढली आणि श्रावण लागला. श्रावणात सोपं गेलं, कारण सगळेच सुटलेले. या महिन्यात मी कोल्हापुरातल्या हजारो सज्जनांपैकी एक होतो.

घरात फारशी चर्चा झाली नाही. बायकोने रिपोर्ट वाचला, चष्मा काढला आणि एवढंच म्हणाली, "अहो, ते सहा ग्लास आता मी घेऊ का?" दुसऱ्या दिवशी त्यांतल्या एकात कोथिंबिरीची जुडी उभी होती.

संध्याकाळ मात्र अंगावर यायची. साडेसात वाजले की हाताला काहीतरी धरायला हवं असायचं. मी गंगावेशीत दूध कट्ट्यावर जायला लागलो. तिथे म्हैस समोर उभी असते, धार थेट भांड्यात पडते आणि फेसाळ ग्लास हातात येतो. फेसामुळे बिअरचा भास होतो हे मी दुधाच्या बाजूने सांगतोय. शेजारी तालमीतली पोरं एका दमात ग्लास रिकामा करायची, मी चवीने घोट घोट घ्यायचो. जुनी सवय. उत्साहाने हे डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हशीच्या दुधात स्निग्धांश सहा-सात टक्के. तुमच्या लिव्हरमधून आपण काय काढतोय?"

खरी परीक्षा गणपती गेल्यावर. आमचं एक रस्सा मंडळ आहे. प्रयाग चिखलीच्या बाजूला एका मित्राचं शेत आहे, तिथे चुलीवर तांबडा-पांढरा शिजतो. सदस्य मोजके: एक वकील, एक गुळाचे व्यापारी, एक माजी पैलवान, एक निवृत्त मास्तर आणि मी. मी ग्लास पालथा घातला तेव्हा चुलीवरचं मटण सोडून सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"माळ घातलीस व्हय?" पैलवानाने विचारलं.

"न्हाई. डॉक्टरनं सांगितलंय."

"मग काय! मला वाटलं काय तरी झालंय."

देवासाठी सोडली असती तर त्यांनी मान दिला असता. डॉक्टरसाठी सोडली म्हटल्यावर मी नुसता भित्रा ठरलो. गूळवाले म्हणाले, रिपोर्ट काढायलाच नको होता, काढला की निघतं. वकिलांनी गडकऱ्यांचा दाखला दिला. ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलं 1919 साली, त्यातल्या सुधाकरानेही सोडली होती आणि त्याची पुन्हा सुरू झाली, तेव्हा उगाच सोडायच्या भानगडीत पडू नये. सुधाकर वकील होता, दोष वकिलीचा असेल, असं मास्तर म्हणाले. त्यावर वकिलांनी कायदाच काढला. 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात प्यायला आजही परवाना लागतो. तोच कायदा गुजरातेत गेला आणि तिथे डॉक्टरांची शिफारस असेल तर चाळिशीनंतर ‘हेल्थ परमिट’ मिळतं. "म्हणजे बघ, तिकडं तब्येतीसाठी सुरू करत्यात आणि तू तब्येतीसाठी बंद करालायस. डॉक्टर बदल, न्हाईतर राज्य बदल."

माळ घालून मोकळं व्हावं असं त्या रात्री मला मनापासून वाटलं. तेवढ्यात पांढऱ्या रश्श्याचा वाटा माझ्यापर्यंत आला आणि तो विचार मी तूर्त तहकूब केला.

वाट निघाली ती परतीच्या वेळी. रस्त्यावर पोलिसांची तपासणी चालू असल्याचा फोन आला. रक्तात 100 मिलिलीटरला 30 मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं तर पहिल्या खेपेलाच 10,000 रुपयांपर्यंत दंड, तुरुंगवासही होऊ शकतो, हे वकिलांनी जीभ सांभाळत सांगितलं. सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. मघाशी भित्रा असलेला मी एकदम ‘सायेब’ झालो. दारू न पिता मटण खाणारा आणि वर मान असलेला माणूस म्हणजे ड्रायव्हर, हा तिसरा राजमान्य रस्ता मला तेव्हा सापडला.

तो रस्ताही अगदी कोरडा नाही म्हणा. आमच्याकडचा ऊस कारखान्यात जातो, साखर निघाल्यावर मळी उरते, मळीपासून स्पिरिट होतं आणि पुढे देशी, विदेशी काय म्हणाल ते. आता तोच कारखाना इथेनॉल करतो आणि पेट्रोलमध्ये ते 20 टक्के मिसळतात. म्हणजे बिअर पाच टक्के, वाइन बारा-तेरा आणि माझी गाडी वीस. पंपावर तिची टाकी भरताना मी शेजारी उभा राहतो. माझ्या वाट्याची ती पिते, आणि तपासणी माझ्या तोंडाची होते.

हळूहळू एक गंमत व्हायला लागली. मंडळातले एकेक जण बाजूला घेऊन विचारायला लागले. "लॅब कुठली? उपाशीपोटी जायचं का?" पैलवान एका रविवारी सोनोग्राफीचा कागद खिशातून काढून म्हणाला, "ग्रेड वन. तुझ्यापेक्षा बरा न्हवं?" शाळेत कधी पहिली श्रेणी न मिळालेल्या माणसाचा तो आनंद होता. मास्तरांनी आपला एसजीपीटी सांगितला आणि पुढचे दोन महिने तो कमी झाल्याचे निरोप पाठवले. वकिलांनी आकडा द्यायला नकार दिला. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती करता येत नाही म्हणाले. गूळवाले तेवढे ठाम. त्यांनी रिपोर्टच काढला नव्हता.

थंडीत पुन्हा रस्सा ठरला. मी पोचलो तर पैलवान आपली गाडी घेऊन आलेला. "म्हटलं तुला सारखा तरास कशाला. आज मी ड्रायव्हर." त्याच्यामागून मास्तर आले, तेही किल्ली फिरवत. वकील सगळ्यात शेवटी आले, आपल्याला आठच्या ठोक्याला गाडी चालवत पक्षकाराकडे जायचंय म्हणाले आणि रात्री साडेदहापर्यंत चुलीपासून हलले नाहीत. बाजेवर चार किल्ल्या पडल्या. गूळवाल्यांनी बाटली उघडली, स्वतःच्या ग्लासात ओतली, उरलेल्या चार रिकाम्या ग्लासांकडे बघितलं आणि मग किल्ल्यांकडे.

"पिणारा मी एकटा, आणि घरी सोडायला चार गाड्या? वरात काढताय व्हय माझी?"

"मग पी-ढबाकपण सांगू की," पैलवान म्हणाला, आणि पांढऱ्याचं पातेलं त्याने आमच्या बाजूला ओढून घेतलं.