आजोबा निघाले कामावर!

अहो, ऐकलंत का? पाच नंबरच्या वहिनी आल्या बरं का हॉलंडहून, लेकीकडून. चीज आणलंय, सगळ्यांना एवढं एवढं वाटलं… ते जाऊ दे. जरा अशा इकडे या, आमचे हे खिडकीतच बसलेत.

तर लेकीच्या शेजारी एक डच आजोबा. डिमेन्शिया हो! बायकोलाच विचारतात, 'आपण कोण?' पण आठवड्यातले दोन-तीन दिवस सकाळी दारात व्हॅन येते आणि आजोबा गमबूट चढवून तयार. कुठे म्हणाल? शेतावर! कोंबड्यांना दाणे घालायचे, अंडी गोळा करायची, अंगण झाडायचं, दुपारी जेवायला सगळे एका टेबलाशी, तर त्याचे बटाटेही सोलायचे. सरपण फोडतात म्हणे. हो, कुऱ्हाडीनं! कोणीतरी जवळ उभं असतं म्हणा.

भिशीत वहिनींनी हे सांगितलं मात्र, सेक्रेटरींच्या मिसेसनी नाक मुरडलं. 'शी बाई, म्हाताऱ्या माणसाला शेण काढायला लावतात? आणि पगार किती देतात?' वहिनी शांतपणे म्हणाल्या, 'पगार कसला, उलट शेतकऱ्यालाच पैसे मिळतात, ह्यांना सांभाळायचे. 2015 पासून नगरपालिका बघते ते.' झालं! चेहरा असा पडला, की हातातला ढोकळा तसाच राहिला. ढोकळा बाकी कोरडाच होता, तुम्हाला म्हणून सांगते.

तर काय सांगत होते… हां, असल्या शेतांना केअर फार्म म्हणतात. डच नाव वहिनींनी दोनदा म्हणून दाखवलं, मला काही जमेना. 1998 साली सगळ्या देशात 75च्या आसपास होते, आता हजाराच्या वर. छोट्या शेतकऱ्याचं नुसत्या दुधावर भागेना, आणि कितीतरी ठिकाणी शेतकरीणबाई मुळातली नर्स. मग काय, गोठा आहे, अंगण आहे, बाईच्या हाताला सवय आहे!

आणि खरी गंमत पुढेच. साध्या डे-केअरला म्हणे बायकाच जास्त येतात. पुरुष पाऊल टाकत नाहीत. गोल बसून टाळ्या कोण वाजवणार! शेतावर मात्र पुरुषांचीच गर्दी. कारण तिथे 'कामाला' जायचं असतं ना. आता ह्यांना बघा, भाजी आणा म्हटलं तर गुडघा दुखतो, पण बँकेत काम आहे म्हटलं की… असो.

मास्ट्रिक्टच्या युनिव्हर्सिटीवाल्यांनी अभ्याससुद्धा केलाय. काही शेतांवर माणसं कायमची राहतात, आणि साध्या नर्सिंग होममधल्यांपेक्षा ती जास्त बाहेर पडतात, काही ना काही करत राहतात. विसर थांबत नाही हो त्यानं, वहिनींनी स्पष्ट सांगितलं. संध्याकाळी त्या आजोबांना कोंबडीसुद्धा आठवत नाही. पण भूक लागते, झोप लागते, आणि बायकोला दिवसभर जरा श्वास मिळतो.

एवढं सगळं चाललेलं आणि सात नंबरची सून एकदम गप्प. तिचे सासरे साताऱ्याकडचे, जन्मभर उसाला पाणी दिलेलं. आता फ्लॅटला आतून कुलूप आणि समोर टीव्ही. पहाटे उठून 'मोटार चालू करायचीय' म्हणतात, आणि ही म्हणते, 'झोपा बाबा, लाइट नाहीये.' भिशीत काही बोलली नाही बिचारी. पण दुसऱ्या दिवशी बाजारातून मेथीची जुडी आणली ती निवडायला त्यांच्यापुढे ठेवली. पानंपानं अलगद वेगळी केली हो त्यांनी! नंतर देठ फडक्यात बांधून ठेवले, बैलाला म्हणून. आता हसावं की…

तर आता तिनं अर्ज दिलाय, पंपाशेजारचा कोपरा वाफे करायला द्या म्हणून. सेक्रेटरी म्हणतात, तिथे पार्किंग काढायचंय. पार्किंग कोणासाठी, ठाऊक आहे ना? त्यांच्याच जावयाची दुसरी गाडी येतेय! रविवारी मीटिंग आहे, साडेदहाला. तुम्ही येताय ना? आणि हे माझ्याकडून कळलं म्हणून बोलू नका हं.