‘ते’ त्याला देऊन टाक

माझ्या एका मित्राचा भोसरीत कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याचं छत, पाच पॉवर प्रेस, बावीस माणसं, गेटवर एक वॉचमनमामा आणि एक एसी केबिन, जिच्यात बसायला मालकाला वेळ नसतो. गेल्या वर्षी हा मित्र बाणेरच्या एका हॉटेलात दिवसभराच्या शिबिराला जाऊन आला. तिथं कोटातल्या एका गुरूने हॉलभर कारखानदारांना आपापल्या एका तासाची किंमत काढायला लावली. मित्राची निघाली १,८०० रुपये. दुसऱ्या दिवशी मी गेलो, तर तासाला अठराशे रुपयांचा हा माणूस प्लंबरशी पन्नास रुपयांवरून पाऊण तास भांडत होता. भांडण जिंकला आणि घाम पुसत मला म्हणाला, ‘‘मी एक्झिक्युटिव्ह असिस्टंट ठेवतोय.’’

‘‘म्हणजे पीए?’’

‘‘पीए आमदाराला असतो,’’ तो दुखावला.

त्याच आठवड्यात वहिनी लेकीच्या बाळंतपणासाठी सहा महिने डॅलसला निघाल्या होत्या. हा निव्वळ योगायोग, असं मित्राचं म्हणणं.

जाहिरात त्याने स्वतःच लिहिली. अनुभव किमान पाच वर्षं, इंग्रजी फाडफाड, एक्सेल आणि टॅली यायलाच हवं, स्वतःची दुचाकी असल्यास प्राधान्य, कामाची वेळ लवचिक, पगार योग्यतेनुसार. ‘लवचिक’ म्हणजे यायची वेळ ठरलेली, जायची नाही. ‘योग्यतेनुसार’ या शब्दाबद्दल मला बरीच वर्षं शंका होती. ही योग्यता कोणाची, ते जाहिरातीत कधीच लिहिलेलं नसतं.

मुलाखतींना मी कोपऱ्यात बसलो होतो, ‘कन्सल्टंट’ म्हणून, एका चहावर. मित्राने प्रत्येकीला तेच तीन प्रश्न विचारले : घरी कोण कोण असतं, लग्नाचं काय, आणि भोसरीला यायला किती वेळ लागतो. कामाबद्दल एकही नाही. चौथी मुलगी चिंचवडची होती. राज्य परीक्षा परिषदेचं मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्दांचं टायपिंगचं सर्टिफिकेट, एका ट्रॅव्हल कंपनीतला अनुभव आणि मांडीवर एक शाळकरी वही. उत्तरं देऊन झाल्यावर तिने विचारलं, ‘‘सर, या जागेवर आधी कोण होतं?’’

‘‘कोणी नाही. पद नवीन आहे.’’

‘‘मग हे काम आत्तापर्यंत कोण करत होतं?’’

मित्राने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. गेली चौदा वर्षं वीस तारखेचं रिटर्न कोणी आठवणीत ठेवलं, सीएला फोन कोणी केले, दिवाळीचे मिठाईचे बॉक्स कोणत्या पर्चेस मॅनेजरला किती वजनाचे जायचे हे कोणाला पाठ होतं आणि वॉचमनमामांच्या मुलीच्या फीचा चेक कोणी लिहिला, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. पण त्याला आम्ही कधी काम म्हणालोच नव्हतो. ‘घरचंच’ म्हणायचो.

मुलगी २८,००० वर रुजू झाली. पहिल्या दिवशी तिने विचारलं, ‘‘तुमचं कॅलेंडर कुठं असतं सर?’’ मित्राने केबिनच्या दाराकडे बोट दाखवलं. दारामागे कालनिर्णय लटकत होतं. त्यात अठ्ठावीस तारखेच्या चौकोनात वहिनींच्या अक्षरात ‘डाय पॉलिश, ५०% अॅडव्हान्स, संकष्टी, लाइट बिल’ असं सगळं चार ओळींत बसवलेलं. पुढच्या महिन्याचं पान उलटलं तर कोरं. वहिनींचं विमान मधे आलं होतं.

आता थोडा इतिहास, कारण मित्राला तो फार आवडतो. आपल्याकडे सहायकाच्या हुद्द्यांची आडनावं झालेली आहेत. चिटणीस, फडणीस, सबनीस, पोतनीस, पारसनीस : लग्नपत्रिका वाचायला घेतली तरी जुन्या कचेरीत शिरल्यासारखं वाटतं. १६७४ च्या राज्याभिषेकात अष्टप्रधानांपैकी जो मंत्री, तो वाकनीस. राजाचा दिनक्रम, भेटीगाठी, आमंत्रणं, भोजन यांची व्यवस्था आणि नोंद त्याच्याकडे. म्हणजे ज्या कामासाठी आज आपण दुचाकी असल्यास प्राधान्य देतो, त्याला तेव्हा प्रधानपद होतं. आणि बाळाजी आवजी चिटणिसांची ती आख्यायिका तर प्रत्येक मराठी मालकाला पाठ असते : पत्र लिहायला सवड झाली नव्हती, महाराजांनी वाचायला सांगितलं, तर बाळाजींनी कोरा कागद समोर धरून सगळं पत्र न अडखळता वाचून दाखवलं. मित्राने ही गोष्ट मुलीला पहिल्याच दिवशी सांगितली. मग खुर्चीत मागे रेलून म्हणाला, ‘‘मला अशी माणसं हवीत.’’

मुलगी म्हणाली, ‘‘पण सर, त्यांना मजकूर आधी सांगितला होता ना?’’

इथं खरी मेख आहे. आमच्या मित्राचा मजकूर त्याच्या पोटात असतो आणि बाहेर येतं ते सर्वनाम. व्हॉट्सअॅपवरचा त्याचा एक व्हॉइस मेसेज मी कान देऊन ऐकला आहे. दोन मिनिटं चौदा सेकंद. त्यात प्रेसचे धडाधड ठोके, घसा खाकरणं, मधेच कोणाला तरी ‘अरे बाजूला हो, हात जाईल’, मग चहावाल्याशी हिशोब आणि शेवटी मूळ मुद्दा : ‘‘ते त्याला देऊन टाक. आणि तो काही बोलला तर ते सांग.’’ संपला. परीक्षा परिषदेच्या ४० शब्दांच्या वेगात या वाक्याचं काहीच होऊ शकत नाही.

तिसऱ्या आठवड्यात मुलीने तिची ती शाळकरी वही काढली. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. ‘ते’ (सकाळी) म्हणजे इन्स्पेक्शन रिपोर्ट. ‘ते’ (संध्याकाळी) म्हणजे डिस्पॅचचं चलन. ‘तो’ म्हणजे चाकणच्या कस्टमरचा पर्चेस मॅनेजर. ‘तो गाढव’ म्हणजे पावडर कोटिंगवाला. ‘तो महागाढव’ म्हणजे सीए. ‘बघू’ म्हणजे नाही. ‘बघतो’ म्हणजे विसरलो. ‘नंतर बोलू’ म्हणजे पैसे नाहीत. वही एवढी बिनचूक कशी, हे मला पुढे कळलं. भोसरीत सकाळचे साडेआठ वाजतात तेव्हा डॅलसला रात्रीचे दहा. त्या वेळी तिकडे बाळ झोपलेलं असायचं आणि वहिनी जाग्या.

मित्र मात्र खूश होता. काम सोपवल्याचा आनंद त्याला काहीही न सोपवता होत होता. पेटी कॅशच्या डब्याची किल्ली त्याच्या करदोट्याला. डब्यात कधीच तीन-चार हजारांवर नसतात, पण ‘पैशाचं काम आहे, विश्वास बसायला वेळ लागतो’. त्याच वेळी बँकेचा ओटीपी तो शॉपच्या दुसऱ्या टोकावरून ओरडून सांगायचा, कारण प्रेसच्या आवाजात हळू बोललेलं ऐकू जात नाही. ‘‘सात... चार... नऊ! नऊ गं, नऊ!’’ पाच ऑपरेटर, दोन हेल्पर आणि सळई उतरवायला आलेला टेम्पोवाला यांना आमच्या मित्राच्या खात्याची चावी रोज दुपारी मिळायची. चहाच्या पैशांची मात्र नाही.

दिवसाचं वेळापत्रक तिने बांधलं. फोनमधल्या कॅलेंडरमध्ये रंगीत चौकोन. अकरा ते बारा हा चौकोन तिने रिकामा ठेवला आणि वर लिहिलं, ‘सर : विचार’. पहिल्याच दिवशी विचाराच्या वेळात पतसंस्थेचा एजंट येऊन बसला. ‘‘दारात आलेल्याला नाही कसं म्हणायचं?’’ दुसऱ्या दिवशी तीच वेळ मित्राने फोनवर तिघांना दिली, तिघांना ‘फक्त तुमच्यासाठी’ असं सांगून. तिघेही आले. चहा चौघांचा झाला, बोलणं एकाशीही नाही.

कामाचा मोठा भाग अर्थात खोटं बोलण्याचा होता. पत्र्याच्या व्यापाऱ्याचा फोन आला की ‘सर मीटिंगमध्ये आहेत’ म्हणायचं. सर तेव्हा तिच्या मागे वडापाव खात उभे असायचे आणि मिरची लागल्यावर ठसका दाबायचे. गंमत अशी, की मित्राचे स्वतःचे सव्वीस लाख एका मोठ्या कस्टमरकडे अडकलेले होते. तिकडे फोन लावला की तिथली असिस्टंटही गोड आवाजात तेच सांगायची. दोघी मुली एकमेकींना रोज आपापले साहेब मीटिंगमध्ये असल्याचं कळवायच्या. पुढेपुढे त्या आधी ‘जेवलीस का’ विचारायच्या. आणि पैसे सुटले ते त्या ‘जेवलीस का’मधूनच. बिलावर कोणत्या माणसाची सही राहिली आहे आणि तो सुट्टीवरून कधी येतो, हे तिकडच्या मुलीने इकडच्या मुलीला सांगितलं. तोवर इकडच्या मुलीने २००६ चा एमएसएमई कायदा वाचून ठेवला होता : लघुउद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत भागवायचं, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. तसं एक अत्यंत नम्र पत्र तिने टाइप केलं. मित्राने सही करताना विचारलं, ‘‘असा कायदा आहे?’’ अठरा वर्षं कारखाना चालवतोय.

पैसे आल्यावर त्याने तिला बोलावून सगळ्यांसमोर कौतुक केलं आणि बक्षीस म्हणून आणखी एक काम दिलं.

रात्रीच्या मेसेजांचं बोललोच नाही. भोसरीत गुरुवारची सुट्टी असते. प्रेस बंद, लाइट बंद, मामासुद्धा गावी. मित्राचा अंगठा फक्त चालू. बुधवारी रात्री ११:४० ला ‘उद्या आठवण कर’, गुरुवारी सकाळी ‘काय झालं त्याचं?’ कामाच्या वेळेनंतर साहेबाचा फोन न उचलण्याचा हक्क कर्मचाऱ्याला मिळावा, म्हणून २०१८ मध्ये सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं. मी हे मित्राला सांगितलं. तो म्हणाला, ‘‘बरोबरच आहे. मोठ्या कंपन्या फार पिळतात.’’ आणि हे बोलता बोलता त्याने तिला एक व्हॉइस मेसेज धाडला.

मुलीने भांडण केलं नाही. तिने गुरुवारचे सगळे मेसेज शुक्रवारी सकाळी नऊला एका कागदावर छापून त्याच्या टेबलावर ठेवायला सुरुवात केली, समोर रकाना : ‘आजही हवं आहे का?’ पहिल्या शुक्रवारी एकवीस कामं होती. मित्राने चष्मा लावून सतरा खोडली. पुढच्या शुक्रवारी मेसेजच नऊ आले. हा माणूस सुधारला असं मी म्हणणार नाही. स्वतःचं बोलणं छापून समोर आल्यावर त्याला लाज वाटली, एवढंच.

वहिनी परत आल्या तो शुक्रवारच होता. अमेरिकेतल्या चॉकलेटांची पिशवी घेऊन थेट कारखान्यात. मामांना चॉकलेट, ऑपरेटरांना चॉकलेट, मला दोन. मग केबिनमध्ये गेल्या, दारामागचं कालनिर्णय पाहिलं, त्यातले कोरे चौकोन पाहिले, मुलीच्या फोनमधले रंगीत चौकोन पाहिले. मित्र कौतुकाने म्हणाला, ‘‘बघ, सिस्टीम बसवलीय मी.’’

वहिनींनी ते ऐकलंच नाही. त्या मुलीशेजारी बसल्या आणि हळूच विचारलं, ‘‘किती देतो गं हा तुला?’’

‘‘अठ्ठावीस, वहिनी.’’

वहिनींनी टेबलावरचा कॅल्क्युलेटर ओढला. अठ्ठावीस हजार गुणिले बारा गुणिले चौदा. आकड्याकडे जरा वेळ बघितलं, मग कॅल्क्युलेटर फिरवून नवऱ्यापुढे धरला. ४७,०४,०००.

‘‘अगं, आपलं घरचंच...’’ मित्र म्हणाला.

मुलीने वहीतून मान वर काढली नाही. ‘‘हे नुसतं मुद्दल झालं, वहिनी. पंचेचाळीस दिवसांच्या पुढे व्याज लागतं. चक्रवाढ.’’

मित्र ‘ते एक बघून येतो’ म्हणत उठला आणि शॉपमध्ये गेला. तिथं पाचही प्रेस चालू होत्या.