सातवी गोळी

मराठी मध्यमवर्गात हॉलिवूडचे मारधाडपट पाहणाऱ्यांच्या ज्या अनेक जाती आढळतात, त्यांपैकी ‘मोजणीदार’ ही जात प्रत्येक वाचकाने किमान एकदा मागच्या रांगेतून ऐकलेली असल्यामुळे तिची ओळख करून देण्याची गरज नाही. भूमी अभिलेख कार्यालयातला मोजणीदार शेताची हद्द मोजतो आणि त्याच्या मोजणीवरून दोन भाऊ कोर्टात जातात. चित्रपटगृहातला मोजणीदार पडद्यावर झाडलेल्या गोळ्या मोजतो आणि त्याच्या मोजणीवरून पुढच्या रांगेतले प्रेक्षक त्याच्यावर उलटतात, एवढाच काय तो दोहोंमधला फरक. नायक सहा गोळ्या संपवून पुन्हा चाप ओढतो, सगळे सभागृह श्वास रोखून बसलेले असते, आणि नेमक्या त्या क्षणी हा मनुष्य मान किंचित डावीकडे कलवून, शेजाऱ्याला गुपित सांगावे अशा पण तीन रांगांना ऐकू जाईल अशा आवाजात, ‘सात!’ असे म्हणतो.

या सवयीचे मूळ शस्त्रविद्येत नसून हिशेबात आहे. ज्यात गोळ्या एका फिरत्या नळकांड्याच्या कप्प्यांत भरतात ते रिव्हॉल्व्हर, आणि त्यात बहुधा सहाच कप्पे असतात. ज्याच्या मुठीत गोळ्यांची पेटी, म्हणजे मॅगझिन, खालून सरकवावी लागते ते पिस्तूल. एवढा भेद कळला की मोजणीदाराचे शिक्षण पुरे होते, कारण दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलाखेरीज दुसरे हत्यार त्याने आयुष्यात हातात धरलेले नसते. त्याने हाताळलेल्या असतात त्या नोटा. या जातीचा अस्सल नमुना एखाद्या सहकारी बँकेत तीसपस्तीस वर्षे रोखपाल असतो, संध्याकाळी रोकड जुळल्याशिवाय घरी जायचे नाही हा संस्कार त्याच्या हाडीमांसी खिळलेला असतो, आणि म्हणूनच ज्या नायकाची रोकड जुळत नाही तो खुशाल नायिकेला घेऊन घरी जातो, हे त्याला पाहवत नाही. बँकेत सहाच्या जागी सात निघाले असते तर चौकशी लागली असती, हॉलिवूडमध्ये मात्र टाळ्या पडतात, अशी त्याची तक्रार आहे, आणि ती तर्काच्या कसोटीवर खोटी पाडणे कठीण आहे.

त्याची चित्रपटमीमांसा याच पायावर उभी आहे. दिग्दर्शन, अभिनय, छायालेखन या गोष्टी त्याला वर्ज्य नाहीत, पण त्या लेखापरीक्षणानंतरच्या आहेत. त्याच्या लेखी चित्रपट तीन प्रकारचे असतात: हिशेबी, चुकार आणि दिवाळखोर. १९७१ चा डॉन सीगल दिग्दर्शित ‘डर्टी हॅरी’ हा पहिल्या वर्गाचा मुकुटमणी होय, कारण आपण पाच गोळ्या झाडल्या की सहा, हाच प्रश्न क्लिंट ईस्टवुडचा पोलीस अधिकारी समोरच्या गुन्हेगाराला त्यात दोनदा घालतो. आरंभी नळकांडे रिकामे निघते आणि शेवटी त्यात एक गोळी उरलेली असते, आणि साऱ्या चित्रपटाचा पीळ या एका गोळीच्या फरकात आहे. बाकीच्या जगाने या प्रसंगात ईस्टवुडचा थंडपणा पाहिला, मोजणीदाराने मात्र एक पोलीस अधिकारी मोजणीचे महत्त्व जाहीरपणे मान्य करतो आहे, हे पाहिले.

‘डाय हार्ड’चे स्थान याहूनही वरचे आहे. जॉन मॅकटिअर्नन यांच्या या चित्रपटात ब्रूस विलिसचा अनवाणी पोलीस लॉस एंजेलिसच्या एका उंच इमारतीत दरोडेखोरांमध्ये एकटा सापडतो, त्यांची नावे चक्क स्वतःच्या हातावर लिहून ठेवतो, आणि अखेरीस पाठीला चिकटपट्टीने डकवलेल्या पिस्तुलात दोनच गोळ्या उरल्या असता दोनच माणसे मारतो. शिल्लक शून्य. एवढा चोख ताळेबंद मोजणीदाराने सहकार क्षेत्रात पाहिलेला नाही, असे तो स्वतःच सांगतो. अमेरिकेत जुलै १९८८ मध्ये प्रदर्शित झालेला हा चित्रपट नाताळचा मानावा की नाही, हा चाहत्यांमधला जुना तंटाही त्याने आपल्यापुरता निकालात काढला आहे: व्यवहार ज्या तारखेचा त्याच तारखेला नोंदवायचा, पावती कधी का फाटेना, आणि कथेतला व्यवहार नाताळच्या आदल्या रात्रीचा आहे. दरोडेखोरांचा म्होरक्या झालेल्या ॲलन रिकमन यांचा हा पहिलाच चित्रपट, आणि इमारतीवरून कोसळताना त्यांच्या चेहऱ्यावर दिसणारी भीती खरी आहे, कारण ठरलेला आकडा पुरा व्हायच्या आधीच त्यांना खाली सोडण्यात आले होते. चुकीच्या मोजणीला मोजणीदाराने आजवर दिलेली ही एकमेव माफी होय.

अशा माणसाबरोबर राहणे म्हणजे काय, याचा विचार शास्त्रीय लेखनात सहसा होत नाही. घरात मोजणी थांबत नाही. दिवाळीत हजारी माळ लावली की शेजारी कानांवर हात ठेवतात, हा मात्र गॅलरीत बोटांवर मोजत उभा राहतो, आणि धूर विरण्याच्या आत ‘नऊशे सदतीस’ असा निकाल जाहीर करून वेष्टनाच्या कागदासह दुकानदाराकडे निघतो. याउलट, ‘तीन शिट्ट्या झाल्या की गॅस तेवढा बंद करा हो,’ असे बजावून पत्नी भाजीला गेली तर ती परत येते तेव्हा आठवी शिट्टी वाजत असते, डाळीचे पिठले झालेले असते, आणि दूरचित्रवाणीसमोरचा रोखपाल एका गोदामातल्या चकमकीत त्रेसष्ट गोळ्या झाल्याची माहिती तिला देतो. ‘आणि शिट्ट्या?’ या प्रश्नावर त्याचे उत्तर ठरलेले असते: ‘त्या कुठे कोणाला लागणार होत्या?’

मोजणीचे व्यसन हळूहळू गोळ्यांपलीकडे पसरते. १९६८ च्या ‘बुलिट’मधला सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवरून सुमारे दहा मिनिटे चालणारा गाड्यांचा पाठलाग हा जगाच्या दृष्टीने स्टीव्ह मॅक्वीन यांच्या कीर्तीचा कळस आहे, मोजणीदाराच्या दृष्टीने तो एका हिरव्या फोक्सवॅगन बीटलचा चित्रपट आहे, कारण वेगवेगळ्या कोनांतून टिपलेली तीच ती ओलांडणी संकलनात पुन्हापुन्हा वापरल्यामुळे नायक त्याच बिचाऱ्या गाडीला अनेकदा मागे टाकतो, आणि पुढच्या काळ्या गाडीची चाकांवरची झाकणे चारांहून अधिक वेळा निखळतात. हिचकॉक यांच्या ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’मध्ये, म्हणजे १९५९ मध्ये, उपाहारगृहातल्या गोळीबाराच्या प्रसंगी मागे बसलेला एक मुलगा गोळी सुटण्याच्या आधीच कानांत बोटे घालतो. ही चूक मोजणीदार पाहुण्यांना चित्र थांबवून दाखवतो, मग मागे नेऊन दाखवतो, आणि त्या मुलाबद्दल त्याच्या मनात एक प्रकारची आपुलकी आहे, कारण पुढे काय होणार हे माहीत असूनही निमूट बसणारा तो एकटाच.

थरारपट, म्हणजे ज्यात हाणामारीपेक्षा धाकधुकीला महत्त्व असते तो प्रकार, याविषयीचे त्याचे विवेचन मात्र ऐकण्यासारखे असते, ते चित्रपट चालू असताना ऐकावे लागते हाच त्यातला दोष. हिचकॉक यांनी दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांना समजावलेला टेबलाखालच्या बॉम्बचा दाखला तो नेहमी देतो: बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का बसतो, पण बॉम्ब तिथे आहे आणि तो किती वाजता फुटणार हे आधी सांगितले तर तीच रटाळ गप्पागोष्टींची पंधरा मिनिटे जिवाला घोर लावतात. म्हणजे थरार हा अंधारातून येत नाही, तो उजेडातल्या आकड्यातून येतो. उरलेला वेळ, उरलेला दोर, उरलेल्या गोळ्या. ‘स्पीड’मधल्या बसचा वेग ताशी पन्नास मैलांच्या खाली आला की ती उडणार, एवढे एकच वाक्य सांगून १९९४ मध्ये यान द बाँट यांनी लोकांना खुर्चीच्या कडेवर आणून बसवले. ज्याच्या गोळ्या संपतच नाहीत त्याच्याविषयी काळजी वाटणार कशी, हा मोजणीदाराचा प्रश्न आहे, आणि आजच्या कित्येक महाखर्चिक चित्रपटांना त्याचे उत्तर देता आलेले नाही. महासत्तेलाही दारूगोळा पुरवून वापरावा लागतो. फक्त तिच्या पडद्यावरच्या नायकाला लागत नाही.

‘स्पीड’मधली बस अर्धवट राहिलेल्या उड्डाणपुलावरून झेप घेते, त्यावरचा त्याचा शेरा त्याच्या न्यायबुद्धीचा नमुना म्हणून नोंदवण्यासारखा आहे: बस चढत्या फळीवरून खरोखर उडवली होती, पण पूल अखंड होता आणि मधली फट नंतर संगणकाने काढली, सबब निम्मे गुण. संगणकाने काढलेल्या गोळ्या तो मोजत नाही. खोट्या नोटा मोजायच्या नसतात, बाजूला काढून शिक्का मारायचा असतो.

येथवर हा मनुष्य केवळ उपद्रवी ठरतो. परंतु निर्णय देण्यापूर्वी ‘कसिनो रोयाल’ची नोंद पाहावी लागते. २००६ च्या या बाँडपटात रस्त्यात बांधून टाकलेल्या स्त्रीला वाचवताना नायकाची ॲस्टन मार्टिन उलटते. ती गाडी मुळात रस्त्याला इतकी घट्ट धरून चालणारी होती की नुसत्या फळीने कलंडेना. तेव्हा तिच्या पोटात दाबलेल्या वायूवर चालणारी एक तोफ बसवली, आणि ॲडम कर्ली हा स्टंटमन, म्हणजे नायकाच्या वाटचे पडणे-आपटणे पत्करणारा माणूस, ती चालवत असताना तोफेचा दट्ट्या जमिनीवर सुटला. गाडी हवेत उलटली ती सात वेळा, आणि या कोलांट्यांची विश्वविक्रम म्हणून गिनीजमध्ये नोंद झाली. मोजणीदार त्याही प्रसंगी ‘सात!’ म्हणतो, पण येथे त्याचा आवाज वेगळा लागतो. आयुष्यभर खोटी सातवी पकडत आलेल्या माणसाला ही एक सातवी खरी सापडलेली असते, आणि तिच्या आत हाडामांसाचा माणूस बसलेला असतो.

त्याच्या साऱ्या खुसपटांचा अर्थ इथे लागतो. नायकाच्या गोळ्या अमर्याद असू शकतात, पण पडणाऱ्याचे मणके मोजकेच असतात. म्हणूनच ‘जॉन विक’वर त्याचा जीव आहे: २०१४ च्या या चित्रपटातला नायक ऐन चकमकीत थांबून मॅगझिन बदलतो, आणि त्याचे दिग्दर्शक चाड स्टाहेल्स्की हे ‘मेट्रिक्स’मध्ये किआनू रीव्ह्ज यांच्या जागी स्वतः आपटून घेणारे गृहस्थ. ऑस्कर देणाऱ्या अकादमीने स्टंट-रचनेसाठी स्वतंत्र पुरस्कार एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केला, तोही २०२७ च्या चित्रपटांपासून, म्हणजे २०२८ च्या शंभराव्या सोहळ्यात पहिल्यांदा मिळणारा. शंभर भरल्याशिवाय शुद्धीवर यायचे नाही, हे अकादमीनेही पाळले, असे तो म्हणतो. एरवी दिवे लागताच लोक दाराकडे धावतात, हा श्रेयनामावलीतली स्टंटमनांची नावे ओठ हलवत मोजत बसतो, आणि झाडू घेऊन आलेली बाई त्याच्या खुर्चीशी आली की दोन्ही पाय वर उचलून धरतो, नजर मात्र पडद्यावरून काढत नाही.

डावीकडे कलणाऱ्या मानेचे स्पष्टीकरण राहिले. बँकेतल्या शेजारच्या खिडकीवर एक सहकारी होता, आणि पुण्याच्या ‘अलका’मध्ये आठवड्यामागून आठवडे या दोघांनी द्विनोंदी पद्धतीने चित्रपट पाहिले, म्हणजे प्रत्येक व्यवहाराच्या दोन्ही बाजू लिहून. नायकाच्या गोळ्या हा मोजी, कारण त्या जाणाऱ्या, सबब नावे; खलनायकाच्या तो मोजी, कारण त्या नायकाकडे येणाऱ्या, सबब जमा. मध्यंतरात वडा खाता खाता दोन्ही बाजू ताडून पाहिल्या जात. तो डावीकडे बसे. काही वर्षांपूर्वी तो गेला, आणि तेव्हापासून मोजणीदाराच्या वहीत एकच बाजू भरलेली असते. अंधारात ‘सात!’ म्हटल्यावर तो क्षणभर थांबतो ते पुढच्या रांगेतल्यांना चिडवण्यासाठी नव्हे.

एका रात्री घरी रिव्हॉल्व्हरचा एक जुना चित्रपट चालू असता त्याने सवयीने मान कलवली आणि ‘सात!’ म्हटले. डावीकडे जमिनीवर मेथी निवडत बसलेल्या पत्नीने मान वर न करता म्हटले, ‘आणि त्या समोरच्याच्या अकरा.’

त्याने चित्र थांबवले. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘अकरा नव्हे, दहा. एक नुसताच प्रतिध्वनी होता.’

‘अकरा,’ ती म्हणाली. ‘मागे घ्या नि मोजा.’

त्याने चित्र मागे नेले, दोघांनी पुन्हा मोजले, एकमत झाले नाही, म्हणून आणखी एकदा मागे नेले. स्वयंपाकघरात कुकर शिट्ट्या देत राहिला, किती ते कोणीच मोजले नाही. खिचडी तळाला पार करपली होती, ती दोघांनी खाल्ली.