सशांचं बिऱ्हाड

— अगं ए सोनूच्या आई, सकाळपासून बघायलेय मी भिंतीवरून. टीव्हीमागच्या वायरी उपसून नळ्यांत कोंबायलीस. दिवाळीची साफसफाई तर होऊन गेली की!

— ससे येणारेत, काकू.

— कुठले? शाळेच्या गॅदरिंगमधले?

— खरेखुरे. सोनू वर्षभर मागं लागलाय. आणि सशाला वायर दिसली की त्यानं ती कुरतडलीच म्हणून समजा. दात जन्मभर वाढतात त्याचे. झिजले नाहीत तर वाकडे होतात, तोंडात खुपतात आणि खाणंच बंद पडतं.

— मग गाजरं आण की किलोभर. मंडईत स्वस्त झालीत.

— गाजर त्याला पेढ्यासारखं, काकू. कधीतरी एखादी चकती. पोट भरायचं ते गवतानं. दात गवतानंच झिजतात, आतडीही गवतानंच चालतात. वर थोडा पाला, कोथिंबीर, मुळ्याची पानं. पोळी, भात, बिस्किट काही नाही. कांदा-लसूण तर अजिबात नाही.

— म्हणजे बारा महिने चातुर्मास! आमच्या ह्यांना दाखव बाई एकदा.

— हसू नका. त्याला ओकता येत नाही. पोटात गेलं ते पुढंच सरकायला हवं. अर्धा दिवस खाल्लं नाही किंवा लेंड्या पडल्या नाहीत, तर रात्र असो की दिवस, डॉक्टर गाठायचा.

— गुरांचा?

— तोच घोळ झाला. एकांना फोन केला तर म्हणाले, म्हैस असेल तर सांगा. शेवटी एक डॉक्टरीणबाई सापडल्या, ससे बघणाऱ्या. म्हटलं ससा आणायच्या आधी डॉक्टर पक्का करू, आणल्यावर पळापळ नको. त्यांनी पहिलीच तंबी दिली, घरातली गोळी द्यायची नाही. आपल्याला ते अमॉक्सिसिलिन देतात ना, ते सशाच्या पोटात गेलं की आतले चांगले जंतू मरतात आणि ससाही जातो.

— असेल बाई. माझ्या भावानं लहानपणी रानातनं एक पिल्लू आणलं होतं. दूध पाजलं, कापसात ठेवलं, तरी दोन दिवसांत गेलं बिचारं.

— तो रानससा, काकू. जातच वेगळी. तो बीळ करत नाही, पिल्लं जन्मतःच केसाळ आणि डोळे उघडे. आपण पाळतो ते युरोपातल्या बिळात राहणाऱ्या सशांचे वंशज. त्यांची पिल्लं उघडीनागडी जन्मतात, डोळे उघडायलाच दहा दिवस लागतात. आणि रानससा पकडणं म्हणजे 1972च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा.

— हळू बोल गं. भाऊ सरपंच आहे आता.

— आणि आणणार कुठनं विचारा की. कोपऱ्यावरच्या बंगल्यातनं.

— त्या? गुलाब मिरवणाऱ्या? त्यांच्याकडं ससे कधी आले?

— बाजारातनं आणले होते. विकणारा म्हणाला, दोन्ही माद्या आहेत, बिनघोर ठेवा. महिनाभरात सहा पिल्लं!

— अगंबाई! तरीच. भाजीवाल्याकडं कोबीचा पाला मागत होत्या पिशवीभर. मला म्हणाल्या, खताला.

— एकतीस दिवसांत वितात त्या. आणि व्यायल्या दिवशीच परत गाभण राहू शकतात.

— आणि एवढा गोतावळा दडवून ठेवला होय आपल्यापासून! पण काय गं, सशाला स्वतःचीच लेंडी खायची सवय असते म्हणे. माझ्या नणंदेनं बघितलंय.

— त्या वेगळ्या, मऊ असतात. घोसासारख्या येतात, बहुतेक रात्री नाहीतर पहाटे. त्यातली जीवनसत्त्वं परत पोटात जायला हवीत म्हणून खातो. खात असेल तर उलट ठणठणीत आहे म्हणायचं. वाळक्या लेंड्या पडतात त्या टाकून द्यायच्या.

— आणि एकच घ्यायचा सोडून दोन कशाला?

— एकटा झुरतो. दोघी बहिणी आणणार. माद्याच आहेत हे बाजारवाल्यानं नाही, डॉक्टरीणबाईंनी बघून सांगितलंय. आठ आठवडे आईपाशी राहू दे म्हणाल्या, मग न्या. पुढं दोघींचं ऑपरेशन करायचं. नाही केलं तर वय झाल्यावर गर्भाशयाच्या कॅन्सरची मोठी भीती असते.

— पिंजरा दिसत नाही कुठं?

— जाळीच्या तळाचा पिंजरा नको म्हणाल्या, पावलांना जखमा होतात. मागची खोली दिलीय. खाली गोणपाट, दडायला दोन खोकी, कोपऱ्यात ट्रे. ट्रेमध्ये कागदाचे कपटे आणि वर गवत. खाता खाता तिथंच उरकतात, मग खोली घाण होत नाही.

— सोनूच्या बाबांनी खोली दिली? त्यांच्या त्या व्यायामाच्या सायकलची?

— सायकलवर कपडेच वाळत होते.

— आणि उन्हाळ्यात गं? मे महिन्यात आपल्या सोलापुरात 42 अंश. आपलीच लाही होते.

— तीच खरी काळजी. तिशीच्या वर पारा गेला की त्यांना सोसत नाही. घाम येत नाही, उष्णता कानांवाटे जाते. म्हणून तर थंडीत आणायचं ठरवलं. उन्हाळ्यात त्या खोलीत कूलर, खाली गार फरशी, आणि बर्फ झालेल्या पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी. टेकून बसतात तिला.

— सोनू तर कान धरून नाचवेल त्यांना.

— कान धरायचेच नाहीत. जमिनीवर बसायचं, ससा आपणहून आला तर हात फिरवायचा. उचलायचंच झालं तर मागच्या पायांखाली हात हवा. धडपडून जोरात लाथ झाडली तर त्याचाच कणा मोडतो. सोनूला तालीम चाललीय, उशी घेऊन.

— किती वर्षं जगतात?

— आठ ते बारा.

— आता तिसरीत आहे ना तो? मग तो जाईल पुण्याला कॉलेजला आणि ससे तुझ्या गळ्यात.

— तेच ह्यांना म्हटलं. सोनूसाठी खेळणं म्हणून आणायचे असतील तर नकोतच. आपल्या दोघांना सांभाळायचे असतील तर आणू. दोन दिवस घरात कोणी बोललं नाही, तिसऱ्या दिवशी हे स्वतःच सायकल गच्चीवर ठेवून आले.

— मग गवताचं काय? कडवळ मागवू का गावाकडनं?

— कोवळी ज्वारी नको. किराळ लागते ना गुरांना?

— होय की! हे बरं आठवलं तुला. मग हराळी घेऊन जा माझ्या बागेतली. उपटून उपटून कंबर गेली माझी, संपत नाही मेली. गणपतीत दूर्वा म्हणून जुड्या बांधते, बाकी वर्षभर शिव्या घालते.

— तुम्हालाच विचारणार होते. पण परवा फवारलंत ना तुम्ही गुलाबांवर?

— मावा पडलाय गं.

— मग ती हराळी नाही चालणार.

— नळाजवळची घे. तिथपर्यंत फवारा जात नाही. आणि त्या वाळक्या लेंड्या टाकणार कुठं?

— घंटागाडीत.

— वेडी की काय! कुजवायचीसुद्धा गरज नसते त्यांना, थेट कुंडीत घालता येतात. रोज सकाळी डबाभर मला द्यायच्या. ठरलं? आणि त्या कोपऱ्यावरच्या बाईनं मागितल्या तर एक द्यायची नाही. माझ्यापेक्षा मोठे गुलाब कसे येतात म्हणून वर्षभर विचारतेय, तर म्हणते कशी, देवाची कृपा!