वसंताचे फोटो कसे काढावेत : नवशिक्यांसाठी

सर्वप्रथम वसंत आला आहे याची खात्री करून घ्यावी. आपल्याकडे तो कळवून येत नाही. कॅलेंडरवर चैत्र-वैशाख छापलेले असतात, पण काटेसावर माघातच फुलून बसते आणि होळीपर्यंत पळसही पेटलेला असतो. तेव्हा पंचांगावर विसंबू नये. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पांढऱ्या गाडीच्या बॉनेटवर लालभडक, चिकट काहीतरी पडलेलं दिसलं आणि गाडीमालकाचा आवाज चढला, की ऋतू सुरू झाला असं समजावं.

मग कॅमेरा कोणता घ्यावा याचा विचार करावा. नवशिक्याला हा विचार अख्खा सीझन सहज पुरतो. चार मित्रांना फोन करावेत, रात्री जागून तुलनेचे व्हिडिओ पाहावेत, मॅक्रो लेन्स आल्याशिवाय फुलाकडे बघायचंसुद्धा नाही असं ठरवावं. तेवढ्यात सावर संपते. योसेफ सुडेक नावाचा चेक छायाचित्रकार या पद्धतीत बसत नाही. पहिल्या महायुद्धात त्याचा उजवा हात गेला. तरी १९४० ते १९५४ या काळात प्रागमधल्या आपल्या स्टुडिओची एकच खिडकी तो पुन्हापुन्हा टिपत राहिला. कधी काच धुकट, कधी थेंबांनी भरलेली, आणि पलीकडे अंगणातलं एक वाकडंतिकडं सफरचंदाचं झाड. घरात कोणी त्याचं उदाहरण देऊ लागलं तर ताबडतोब विषय बदलावा. नव्या लेन्सची मंजुरी अशानेच बारगळते.

तोवर खिशातला मोबाइल चालवून घ्यावा. त्याची लेन्स मऊ कापडाने पुसावी. हसू नये, मार्चमधल्या निम्म्या ‘स्वप्नाळू’ फोटोंचं श्रेय बोटांच्या तेलाला जातं.

आता झाड निवडायचं. बहुतेक लोक गुलाबी झाड निवडतात. मुंबईत विक्रोळीजवळ हायवेच्या कडेला टॅबेबुया फुलते, पुण्यात टेकड्यांवर ग्लिरिसिडिया. दोन्ही मूळची मध्य अमेरिकेकडची, पण फोटोखाली ‘जपानला जायची गरजच काय!’ असं लिहायची प्रथा आहे. ती पाळावी.

ज्यांना लाइक्सची घाई नाही त्यांनी मात्र पार्किंगमधून हलूच नये. सावरीवर या दिवसांत पान म्हणून नसतं, त्यामुळे आडोसा कशाचाच नाही. सकाळी सातच्या सुमारास वर मैना, बुलबुल, कावळे आणि एखादी खार अशी सगळी मंडळी रसपानाला जमलेली असतात. मैना फुलात डोकं खुपसते आणि पराग माखून बाहेर काढते. तो क्षण हवा असेल तर मान मोडेपर्यंत वर बघायची तयारी ठेवावी. नसेल तर खाली बघावं. सावरीचं फूल पाकळी पाकळी गळत नाही, अख्खंच्या अख्खं बद्दकन पडतं. जाड, मांसल पाच पाकळ्या मागे वळलेल्या, मधे पुंकेसरांचा झुबका. उकिडवं बसून मोबाइल उलटा धरावा, म्हणजे लेन्स जवळजवळ फरशीला टेकते. पुढे फूल, मागे स्कूटरची धूसर चाकं.

या अवस्थेत वॉचमनकाका येतात.

“साहेब, चावी पडली का?”

“नाही हो, फुलाचा फोटो काढतोय.”

“घाण झालीय ना फार? थांबा, आत्ता झाडून घेतो.”

म्हणून फोटोग्राफीची पुस्तकं सूर्योदयाच्या उजेडाबद्दल काहीही सांगोत, झाडलोट किती वाजता होते हे आधी विचारून ठेवावं.

लाल आणि केशरी रंगांशी मोबाइलचं फारसं जमत नाही. पळसाचा किंवा पांगाऱ्याचा फोटो काढला की शिरा, लव, सगळं जाऊन भगवे डाग तेवढे उरतात. अशा वेळी फुलावर बोट टेकवून उजेडाची पट्टी खाली ओढावी. पडद्यावर आभाळ काळवंडल्यासारखं दिसलं तर घाबरू नये. पळसाच्या कळीची ती काळपट मखमली टोपी तेव्हाच दिसू लागते. सह्याद्रीत गेलात तर कुसुंबाची लाल पालवी फुलं समजून टिपावी. सगळेच टिपतात.

दुपारी फोटो काढू नयेत, असा नियम आहे. थंड देशातल्या कोणीतरी तो केला असला तरी आपल्याकडे जास्तच लागू पडतो. मेच्या मध्यावर मुंबई-पुण्यात सूर्य भर दुपारी नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली खांबाखालीच जाते. बहाव्याचे घोसही याच सुमारास लटकलेले असतात, याला निसर्गाचा खवचटपणा म्हणावं. त्यावर उपाय एकच : टोपी घालून थेट झाडाखाली जावं आणि वर बघत टिपावं. पाकळ्यांतून ऊन गाळून येतं आणि पिवळ्याचा खरा पिवळा होतो. फक्त उन्हाकडे फार वेळ बघू नये.

कोकिळेचा फोटो : आवाज येतो त्या फांदीवर मोबाइल रोखावा, झूम पूर्ण ताणावा आणि श्वास धरून बटण दाबावं. हिरव्या चौकटींच्या गर्दीत काळा ठिपका आला तर तो बहुधा कावळा. गातो तो लाल डोळ्यांचा काळा नर, कवितेत नाव मात्र ठिपकेदार मादीचं. फोटोत दोघंही येत नाहीत.

पाडव्याला सगळे गुढी टिपतात, तीही खालून, आभाळाकडे तोंड करून. त्यात गुढी काळी येते आणि वरच्या मजल्याचा एसी उत्तम येतो. त्यापेक्षा कडुनिंबाची डहाळी बांधायच्या आधी ओट्यावर खिडकीच्या उजेडात ठेवावी. नशीब असेल तर तिला फुलं असतात : नखापेक्षा लहान, पांढरी, पाच पाकळ्यांची, मधे एक इवलीशी नळी. मोबाइल फार जवळ नेला तर फोकस सुटतो. वीतभर मागे सरकावं आणि थोडा झूम करावा. इतक्यात ‘अहो, गुढी उभारायचीय की नाही आज?’ असा प्रश्न येईल. फोटो हललाच, तर तो याच क्षणी.

जमलेला फोटो फॅमिली ग्रुपवर टाकावा, पण सोबत काही लिहू नये. ते काम इतरांचं आहे. दोन दिवसांनी तुमचंच फूल, वर गुलाबी अक्षरांत ‘शुभ सकाळ’ आणि कोपऱ्यात वाफाळता चहा, असं नागपूरच्या आत्याकडून तुम्हालाच येईल. ‘वा, छान आहे! कुठून मिळाला?’ असं आत्याला कळवावं.