तुघलकाचं एचआर
१३२७ साली मुहम्मद तुघलकाने दिल्लीकरांना दौलताबादला हजर व्हायचं फर्मान काढलं. संभाजीनगरपासून १५ किलोमीटरवर ते 'हेड ऑफिस' अजून उभं आहे. २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊनमुळे उलटं झालं. हिंजवडीतली पोरं लॅपटॉप काखोटीला मारून संभाजीनगरच्या सिडकोतल्या घरी परतली. भाडं वाचलं, गरम भाकरी मिळाली. पण जायकवाडी धरण तुडुंब असलं तरी इथे नळ काही दिवसांआड येतो, आणि तोही नेमका मीटिंगच्या वेळी. साहेब तिमाहीचे आकडे विचारतायत आणि मागून आई ओरडतेय, "मोटर लाव आधी, पाणी गेलं की बस मग बोंबलत!" माईक अर्थातच चालू. आता कंपनीने पुन्हा पुण्याला बोलावलंय. तुघलकानेही काही वर्षांनी माणसं परत धाडलीच होती. निदान त्याने 'कल्चर'साठी बोलावतोय, असं तरी म्हटलं नव्हतं.