सेलोटेपचा माग

मुलांना क्यूआर कोडचा खजिना शोधायला लावायचा, तर आदल्या संध्याकाळी मास्तरांना चोर व्हावं लागतं. खिशात सेलोटेप, बगलेत प्रिंट. एक कोड कडुनिंबाला, एक हापशाला, एक खिचडीच्या खोलीच्या दाराला. कुणी बघत नाही असं आपण समजायचं. समोरच्या ओट्यावरच्या आजींनी सगळं पाहिलेलं असतं, आणि त्यांचा नातू आपल्याच वर्गात असतो.

हा कोड मासाहिरो हारा यांनी १९९४ साली जपानमधल्या डेन्सो कंपनीत तयार केला, तो गाड्यांच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला. कल्पना सुचली ती काळ्यापांढऱ्या सोंगट्यांच्या ‘गो’ या खेळावरून. आपल्याकडे परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी तो क्रमिक पुस्तकात आणला आणि २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळवलं. आमची मजल कडुनिंबापर्यंतच.

कोडात लिंक न घालता थेट प्रश्नच भरला, तर रेंज लागत नाही. मात्र मजकूर वाढला की ठिपके बारीक होतात आणि जुन्या फोनला ते दिसेनासे होतात. मास्तरांना थोडक्यात बोलायला लावणारं हे पहिलंच यंत्र असावं. शिवाय कोड चिवट. नीट बेतून छापला तर जवळपास ३० टक्के खराब झाला तरी वाचता येतो. तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन तेवढे शाबूत हवेत. शेळीने खालचा उजवा कोपरा खाल्ला तर खेळ चालू. दुसरा कुठलाही खाल्ला तर शेळीलाच विचारा.

कडुनिंबाच्या कोडात प्रश्न होता: ‘या झाडाचा घेर किती?’ मोजायची टेप दिलेली नव्हती. चौघांनी हात धरून झाडाला कवेत घेतलं, वीतभर कमी पडलं. मग एकीने वेणीची रिबीन सोडली. रोज ज्याला दप्तरं टेकवायची, त्या झाडाभोवती पंधरा मिनिटं वाद चालला. दुसऱ्या गटाने मात्र एकही कोड वाचला नाही. उन्हात सेलोटेप चमकते, एवढं हेरून तो सगळ्यांच्या आधी शेवटच्या ठिकाणी हजर! उत्तरं कोरी. त्यांना नापास करायला माझा हात धजेना.

शेवटचा प्रश्न खिचडीचा: ‘मुलं ७०, प्रत्येकी तांदूळ १०० ग्रॅम. एकूण किती?’ फोनची बॅटरी संपली, तरी अडलं नाही. पोरांनी मोठ्याने वाचून वाचून खिचडी शिजवणाऱ्या मावशींना प्रश्न पाठ झाला होता.

“सात किलो,” त्या पातेलं हलवत म्हणाल्या, “पण आज पळालीत, आठ लागतील.”

एका गटाने सात लिहिलं, एकाने आठ. जेवणानंतर पातेल्यात डोकावून मी दोघांनाही पूर्ण गुण दिले.